कुठलाही चालेल असा फॉन्ट

आमच्या घरात दुसऱ्यांचे डबे साठतात. पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, झालं की कुणाचा तरी स्टीलचा डबा आमच्याकडे राहतो, परत द्यायचं राहून जातं, आणि मग एक दिवस कपाट उघडलं की तो डोक्यात पडतो. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाचे किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. परवा नेपरव्हिलहून मैत्रीण आली होती, तिनं सहज विचारलं, "तू म्हणे नाटकात असतेस? काय करतेस?" मी म्हटलं, "फॉन्ट." ती हसायला लागली आणि माझं कपाट उघडलं!

तर आधी मंडळी सांगते. मी नागपूरची, राहते परदेशात, नोव्हायला, नोकरीत वेबसाइट्स करते. मिलिंद मूळचा पुण्याचा, तोही आयटीतलाच. मंडळाच्या नाटकाचा लेखक, दिग्दर्शक आणि सगळ्यात मोठा चाहता. अपर्णा मुंबईची, दातांची डॉक्टर आणि आमची कायमची नायिका. केतकी इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट; मराठी फर्डं बोलते, पण वाचायला तिला इंग्रजी अक्षरं लागतात.

आणि सुहासकाका. ट्रॉयला राहतात. आयुष्यभर गाड्यांच्या ब्रेकवर काम करून रिटायर झाले. मंडळाच्या प्रत्येक नाटकात ते विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करायचे. यंदा पहिल्यांदा त्यांना हीरो केलं! काका इतके खूश झाले की त्याच दिवशी केस कापून आले. नाटक तीन महिन्यांवर होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पण पाठांतर होईना. वाक्य यायचं, जायचं, मधूनच परत यायचं. मिलिंदनं तर एकदा तोंडावर सांगितलं, "काका, पाठ नाही झालं तर रोल आपल्या मंडळातल्या डॉक्टर शिंद्यांना द्यावा लागेल हं." त्या दिवशी गाडीत काका मला म्हणाले, "वैदेही, फजितीचं मला काही नाही गं. पण लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं गेलं. ते नको." मला फार वाईट वाटलं. म्हटलं, काळजी करू नका, मी तुमच्यासाठी एक वेबपेज करते. त्यावर संवाद हळूहळू वर सरकतील, तुम्ही नुसतं बघून बोला.

इथून सगळं सुरू झालं.

* * *

वेबपेजवर फॉन्ट, म्हणजे अक्षरांचं वळण, दोन प्रकारे मागता येतो. एक तर नाव घेऊन, की मला अमुकच हवा. नाहीतर नुसती जात सांगून: टोकांना शेपट्या असलेलं सेरिफ द्या, हातानं लिहिल्यासारखं कर्सिव्ह द्या, सगळी अक्षरं एका रुंदीची असलेलं मोनोस्पेस द्या, त्यातला कुठलाही चालेल. मग ब्राउझर आधी स्वतःचं सेटिंग बघतो, मग त्या मशीनवर काय पडलंय ते बघतो, आणि जे हाताला लागेल ते लावतो.

हे मी मिलिंदच्या घरच्या मीटिंगमध्ये समजावून सांगत होते. काकांनी विचारलं, "म्हणजे प्रत्येकाकडे वेगळा दिसणार?"

"हो काका. आपण पॉटलकला नाही का सांगत, काहीतरी गोड आणा?"

त्यावर सगळे मिलिंदकडे बघायला लागले. कारण मागच्याच पॉटलकला नुसतं "काहीतरी गोड आणा" असा मेसेज गेला होता. अपर्णानं दोन तास आटवून बासुंदी आणली होती. काकांना शुगर, म्हणून त्यांनी शुगर-फ्री जेली आणली होती. आणि मिलिंदनं ऑफिसच्या मीटिंगमधले उरलेले डोनट्स! त्यातला एक तर अर्धा खाल्लेला होता.

"गोडच होता ना?" मिलिंद म्हणाला. "मागितलं ते दिलं!"

"बरोबर," मी म्हटलं. "ब्राउझर हेच म्हणतो."

* * *

मग नाटकाच्या जाहिरातीचं पेज केलं. नाव इंग्रजी अक्षरांत, मोठं, आणि मिलिंदला ते "हातानं लिहिल्यासारखं" हवं होतं. मी लिहिलं कर्सिव्ह आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकली.

पहिला मिलिंदच. "यार, हे काय? लग्नपत्रिका आहे का? आपली कॉमेडी आहे!"

अपर्णा म्हणाली, "लग्नपत्रिका? मला तर बालवाडीचं गॅदरिंग वाटतंय. कार्टूनमधली अक्षरं आहेत ही!"

मिलिंद म्हणे, "बालवाडी? एवढी नाजूक, वळणदार अक्षरं बालवाडीत कोण काढतं?"

"नाजूक? डोळे तपास तुझे!"

"तू दातांची डॉक्टर आहेस, दातांपुरतं बोल!"

हे प्रकरण अख्खी दुपार चाललं. मिलिंदनं रागावून अपर्णाला नाटकातून काढलं. अपर्णानं त्याची रूट कॅनालची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. काकांनी मध्ये पडून लिहिलं, "मला दोघांचंही पटत नाही. अक्षर ब्रशनं काढल्यासारखं आहे." त्यावर दोघंही काकांवर घसरले.

शेवटी केतकीनं विचारलं, "गाइज, आर वी ऑल लुकिंग ॲट द सेम थिंग?"

सगळ्यांनी स्क्रीनचे फोटो काढून टाकले. मिलिंदचं ॲपलचं मशीन, अपर्णाचा विंडोजचा लॅपटॉप, काकांचा अँड्रॉइडचा टॅब्लेट. तीन मशीन, तीन कर्सिव्ह! तिघंही तावातावानं बरोबर होते.

अपर्णाला नाटकात परत घेतलं. पण यातून मिलिंद काय शिकला? त्याला कळलं की फँटसी नावाचीही नटव्या अक्षरांची एक जात असते. मग भुताच्या प्रवेशाचं पोस्टर त्याला फँटसीतच हवं होतं. त्याच्या मशीनवर ते जुन्या जीर्ण कागदावरच्या लिखाणासारखं आलं आणि तो हरखला. अपर्णाकडे तेच जाड, काळ्या, ठोकळेबाज अक्षरांत आलं.

"छान आहे," ती म्हणाली. "भूत आहे की फर्निचरचा सेल?"

* * *

काकांचं म्हणणं, संवाद टाइपरायटरवर टाइप केल्यासारखे दिसले पाहिजेत, त्यांच्या तरुणपणी स्क्रिप्ट तशीच असायची. त्याला मोनोस्पेस म्हणतात. आता यात एक गंमत आहे. बाकी कुठलीही जात मागा, ब्राउझर अक्षरं नेहमीच्या आकाराची देतो. मोनोस्पेस मागितलं की एकदम बारीक देतो. आणि यावरचा उपाय काय? मोनोस्पेस हा शब्द दोनदा लिहायचा! मोनोस्पेस, स्वल्पविराम, मोनोस्पेस. की अक्षरं पुन्हा मोठी. दोनदा हाक मारल्याशिवाय न उठणारी मुलं असतात ना, तसं.

मी अर्थातच दोनदा लिहिलं होतं. तालमी मजेत चालल्या होत्या.

मिलिंदला दुसऱ्याचा कोड बघितल्याशिवाय चैन पडत नाही. एका रविवारी त्यानं माझं पेज उघडलं, तोच शब्द दोनदा दिसला, आणि त्यानं एक खोडून टाकला. वर मला मेसेज, "तुझी चूक दुरुस्त केली. थँक्स म्हणू नकोस."

मी तो मेसेज तेव्हा वाचलाच नाही.

पुढच्या तालमीला काका स्क्रीनच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक काचेला लागलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले नंबर तोच आहे. काका म्हणाले शक्यच नाही, पुन्हा तपासा. पुन्हा तोच. मग काकांनी हट्टानं दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन जाड फ्रेमचा नवा चष्मा करून घेतला.

दरम्यान मी मिलिंदचा मेसेज वाचला आणि तो खोडलेला शब्द परत लिहिला.

पुढच्या तालमीला काका नवा चष्मा लावून आले, स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघा!" ते सगळ्यांना म्हणाले. "पहिल्या डॉक्टरला काही कळत नव्हतं!"

त्यांना खरं सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणालाच झाली नाही. तो चष्मा ते आजही लावतात.

* * *

सगळं जमत आलं तर काका अडखळायला लागले. दर दोन वाक्यांनी थांबायचे, तोंड वाकडं करायचे, मग पुढे जायचे. मिलिंद कपाळाला हात लावून बसला. मी काकांना बाजूला घेतलं. "काका, विसरताय का?"

"विसरत नाहीये," काका म्हणाले. "तो ल आपला नाही."

"काय?"

"नव्या चष्म्यातून आता नीट दिसतोय. ल बघ. दांडीवाला आहे. हिंदीतला. आपला ल दोन पाकळ्यांचा असतो. मी हा ल शाळेत शिकलेलो नाही आणि या वयात शिकणार नाही."

आणि खरंच तसं होतं! पेजवरची भाषा मराठी आहे, हे मी ब्राउझरला सांगितलंच नव्हतं. त्यानं नागरी अक्षरं बघितली, हिंदी समजला, आणि हिंदी वळणाची अक्षरं देऊन मोकळा झाला. भाषेची एक छोटी खूण टाकली, ल सुधारला. काका धडाधड वाचायला लागले.

मिलिंद म्हणाला, "काका, एका अक्षरासाठी एवढं?"

"तुमच्या पुण्यात चालत असेल," काका म्हणाले. मिलिंदला आयुष्यात पहिल्यांदाच शुद्धतेवरून कुणीतरी पुण्याबाहेरच्या माणसानं झापलं. तो पुढचा तासभर कोपऱ्यात ल गिरवत बसला, आणि ती तालीम सगळ्यात चांगली झाली.

* * *

आमचं नाटक एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये असतं. तिथल्या लाइट्स आणि साउंडचा माणूस डग. अतिशय सज्जन. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला वडापाव खातो आणि त्याला बर्गर म्हणतो.

प्रयोगाच्या आधी दोन दिवस त्यानं स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, प्रेक्षकांना दिसणार नाही असा मॉनिटर लावला, शाळेच्या कॉम्प्युटरवर आमचं पेज उघडलं आणि मला फोन केला. "युअर स्क्रिप्ट लुक्स फँटॅस्टिक! सो क्लीन!"

मी ऑफिसमधून परस्पर तिकडे गेले. बघते तर स्क्रीनभर चौकोन. नुसते रिकामे चौकोन! ओळीच्या ओळी चौकोन, मध्ये मध्ये पूर्णविराम. त्या कॉम्प्युटरवर नागरी अक्षरांचा एकही फॉन्ट नव्हता. ब्राउझरनं सगळीकडे शोधलं, काही सापडलं नाही, तेव्हा प्रत्येक अक्षराच्या जागी त्यानं एक डबी काढून ठेवली.

डगला वाटलं, मराठी अशीच असते.

मी एक नागरी फॉन्ट टाकला, अक्षरं आली. सगळं टाइपरायटर प्रकरण झाल्यावर मी आता साधं सेरिफ मागत होते. डग बराच वेळ निरखून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "सगळी अक्षरं वरच्या रेघेला का लोंबतायत? वाळत घातल्यासारखी?"

सुहासकाका तिथेच होते. त्यांनी डगला खुर्चीत बसवलं आणि शिरोरेघेवर व्याख्यान दिलं. मध्ये दोनदा डगचा वॉकी-टॉकी वाजला, काकांनी तो बंद करायला लावला. डगनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

शेवटी तो मला हळूच म्हणाला, "आधीचा फॉन्ट वाचायला जास्त सोपा वाटत होता."

* * *

प्रयोगाचा दिवस. बाहेर नोव्हेंबरचा पहिला बर्फ, आत हॉल गच्च. काका विंगेत झब्बा सारखा करत उभे. पहिल्या रांगेत सुलभाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, पर्स मांडीवर घट्ट धरून. शेजारी डॉक्टर शिंदे. त्यांनी सगळा रोल पाठ केलाय, असं कुणीतरी काकांच्या कानावर घातलं होतं. काका मला म्हणाले, "वैदेही, आज जर अडकलो ना, तर मी परत विंगेतसुद्धा बसणार नाही."

पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकातला मोठा प्रवेश नवरा-बायकोचा: बायको जेवण वाढता वाढता नवऱ्याची उलटतपासणी घेते. आता ऐन मध्यंतरात मिलिंदच्या लक्षात आलं की अपर्णाही एव्हाना स्क्रीन बघूनच बोलते, पण या प्रवेशात तिचं तोंड दुसरीकडे असणार, तिला डावीकडचा मॉनिटर दिसणारच नाही. म्हणून त्यानं उजवीकडे तिचाच लॅपटॉप लावला. तेच पेज, तोच वेग. दोन्ही एकदम सुरू केले आणि मला अंगठा दाखवला.

तेच पेज, खरं. पण मी मागितलं होतं नुसतं सेरिफ. शाळेच्या कॉम्प्युटरनं काकांना दिली चिंचोळी अक्षरं, कमी ओळींत मावणारी. अपर्णाच्या लॅपटॉपनं तिला दिली ऐसपैस अक्षरं, जास्त ओळी घेणारी. दोन्ही पेजेस सारख्याच वेगानं सरकत होती, पण काकांचे संवाद लवकर संपत होते. प्रवेश रंगात येईपर्यंत काका तिच्या बरोबर एक उत्तर पुढे गेले होते.

अपर्णानं प्रेमानं विचारलं, "भात वाढू का?"

काका ताडकन उठले. "छे छे! मी ओळखतसुद्धा नाही त्यांना!"

हॉलमध्ये कुणीतरी खुसकन हसलं. अपर्णाचे डोळे मोठे झाले. पण ती स्क्रीनला धरून राहिली, दुसरं करणार काय! "त्या समोरच्या बाई सकाळी कशाला आल्या होत्या?"

"थंडी वाजत होती, म्हणून दिला!"

आता बायका हसायला लागल्या. विंगेत मिलिंदनं माझा दंड इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी निळा झाला. अपर्णानं डाव ताटावर आपटला. "मग तुमचा स्वेटर त्यांच्या घरी कसा?"

काका मिशीत हसले, पोटावरून हात फिरवला. "मस्त! रोज असं मिळालं तर स्वर्गच की!"

हॉल कोसळला! डॉक्टर शिंदे खुर्चीवरून घसरत होते. समोरची बाई झालेली केतकी माझ्या शेजारी जमिनीवर बसून ओढणी तोंडात कोंबत होती. अपर्णा हसू दाबत म्हणाली, "आमटी कशी झालीय?" आणि काका म्हणाले, "देवाशपथ, पुन्हा कधी नाही!"

काकांना काहीच पत्ता नव्हता. त्यांना वाटत होतं, आपण इतकं छान करतोय की लोक वेडे झालेत. हशा वाढला तसा त्यांना चेव आला. हातवारे वाढले, आवाज चढला. शेवटी स्क्रीनवर त्यांच्या पात्रासाठी सूचना आली: 'वसंतराव जातात.' काका ऐटीत निघून गेले. अपर्णाकडे अजून एक प्रश्न शिल्लक होता. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली, मग प्रेक्षकांकडे वळली आणि म्हणाली, "गेले. उत्तर न देता. नेहमीसारखे!"

यावर बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुरुषांना मग उठावंच लागलं.

नाटक संपल्यावर विंगेत काका माझ्याजवळ आले. टाळ्या अजून चालू होत्या, आणि त्यांचा चेहरा पडला होता. आत आल्यावर अपर्णाला मिलिंदजवळ उत्तरं उलटसुलट झाल्याचं सांगताना त्यांनी ऐकलं होतं. "खरं सांग. मी चुकीची उत्तरं दिली ना? माझं पाठांतरच नव्हतं. शिंदेंनाच द्यायला हवा होता रोल."

मी फॉन्ट, ओळी, लॅपटॉप सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी नुसती मान हलवली, ऐकत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसासाठी इतक्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, त्याला आपण नापास झालोय असं वाटत होतं.

आम्ही पार्किंग लॉटमध्ये आलो. बर्फ भुरभुरत होता. लोक गाड्या पुसता पुसता थांबून ओरडत होते, "काका, काय टायमिंग!" काका खाली मान घालून चालले होते. डॉक्टर शिंदे धावत येऊन त्यांना मिठी मारून गेले, तरी त्यांची मान खालीच.

तेवढ्यात मागून काकू आल्या. काका नुसत्या झब्ब्यावर कुडकुडताना दिसले, तशा त्या भर पार्किंगमध्ये ओरडल्या, "अहो! तुमचा स्वेटर कुठंय?"

सगळा पार्किंग लॉट वळून बघायला लागला. काका थांबले. समोर ना मॉनिटर, ना स्क्रीन. त्यांनी मान वर केली, आणि एका क्षणाचीही वाट न बघता खणखणीत आवाजात म्हणाले,

"थंडी वाजत होती, म्हणून दिला!"